द्वारका परत कशी आली?

कुमुदताई,

तुम्हाला पोचवून सगळे परत आले त्या संध्याकाळी मालतीकाकू माझ्याजवळ सरकल्या. माझा हात हातात घेतला, कानाशी आल्या आणि म्हणाल्या, "सुटलीस गं बाई."

मी विचारलं, "कशातून?"

त्या गडबडल्या. "अगं म्हणजे... जन्मभर नणंद घरात. आम्हाला काय दिसत नव्हतं का?"

"हो ना," मी म्हटलं. "फार सोसलं मी. रोज कोणीतरी माझ्याआधी उठून चहा टाकायचं. सांगू कोणाला?"

काकूंना माझं बोलणं खोचक वाटलं असावं, कारण त्या उठून पलीकडे जाऊन बसल्या. निघताना रिवाजाप्रमाणे 'येते' न म्हणता गुपचूप चपला घालायला लागल्या, तेव्हा मी दारातून खणखणीत आवाजात म्हटलं, "या हं काकू, पुन्हा या." दुखवट्याच्या घरातून कोणाला 'या' म्हणायचं नसतं, हे मला माहीत नाही असं थोडंच आहे? जिन्यात त्यांचा पाय दोन पायऱ्यांच्या मध्ये थबकलेला मी पाहिला. तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून आत पळाला असतात.

तुमच्या जाण्याचं दुःख कोणाला झालं आहे, हे या घरात ठरून गेलेलं आहे. ते तुमच्या भावाला झालं आहे. श्रीकांत दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. माणसं येतात, थेट त्यांच्याकडे जातात, हात हातात घेतात, थोडा वेळ गप्प बसतात. मग माझ्याकडे वळून म्हणतात, "वहिनी, पाणी मिळेल का?" आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओळीने निरोप आले, 'श्रीकांतच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' त्या ग्रुपची ॲडमिन मी आहे. एकदा मनात आलं की सगळ्यांना काढून टाकावं आणि एकटीनेच तिथे बसावं.

श्रीकांतांना दुःख नाही असं मी म्हणत नाही. धाकटा भाऊ, तुमच्या कडेवर वाढलेला. ते रात्री जेवत नाहीत नीट. पण ते तुमचे भाऊ जन्माने झाले, त्यात त्यांनी काय केलं? मी तुमची जी कोण झाले ती रोज थोडी थोडी करत झाले. भांडून झाले. पेपरातल्या जाहिरातीत तुमचं शिक्षण आलं, नोकरी आली, आणि शेवटी 'पश्चात भाऊ, भावजय असा परिवार' आलं. भावजय. म्हणजे एक स्वल्पविराम आणि त्यामागे मी. तर मी ती जाहिरात इथे पुन्हा लिहिणार नाही. तिच्यात जे बसत नाही तेवढंच लिहिणार आहे, आणि ते कोणाला आवडो न आवडो.

पुस्तकांबद्दलसुद्धा या लोकांचं ठरलेलंच आहे. "ताईंना जुन्या पुस्तकांचा भारी नाद. वहिनी बिचाऱ्या पिशवी धरायला जायच्या." हे वाक्य या आठवड्यात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं की पिशवीलाच माझं नाव द्यावं. यांच्यापैकी एकानेही आपल्याला रविवारी सकाळी पेठेत काम करताना पाहिलेलं नाही. कामच म्हणायचं त्याला. तुम्हाला हवं ते पुस्तक तुम्ही कधी हातातसुद्धा घ्यायचा नाहीत. त्याच्या शेजारचं घ्यायचात. कोंबडीपालन, नाही तर घरच्या घरी साबण, असलं काहीतरी. ते इतक्या प्रेमाने चाळायचात की दुकानदाराचे डोळे चमकायचे. मग मी पुढे यायचं आणि वैतागून म्हणायचं, "ठेवा ते. घरात जागा नाही." तुमचं तोंड उतरायचं. दुकानदार भाव उतरवायचा. मी नाहीच म्हणायचं. शेवटी तुम्ही हिरमुसून "मग हे तरी घेऊ दे, जाडजूड आहे, कपाट उघडं राहायला टेकण लावता येईल" असं म्हणत ज्याच्यासाठी आपण आलो होतो ते उचलायचात. काय अभिनय होता तुमचा! जन्मभर सरकारी कचेरीत टंकलेखन करण्यात फुकट गेलात.

आणि अभिनय एकट्याने होत नाही, हे या लोकांना कोण सांगणार? नाही म्हणणारं माणूस तितकंच चोख लागतं.

घरी आल्यावर पुस्तकाला थेट कपाटात प्रवेश नसायचा. आधी गॅलरीत उन्हात. खाटेच्या एका अंगाला पापड आणि दुसऱ्या अंगाला पुस्तकं, पानं पंख्यासारखी उघडून. तुम्ही एकेक हलकेच झटकायचात आणि कसर पळाली की तिला पत्ता सांगायचात, "तिकडे जा, तिसऱ्या मजल्यावर वकील राहतात." मग फाटकी पाठ चिकटवायला खळ. मैद्याची खळ आपण गॅसवर शिजवायचो, अगदी गुठळी न होऊ देता. एकदा पातेलं निवत ठेवलं होतं आणि तुमचे बंधुराज कचेरीतून भुकेजून आले. झाकण काढलं, पेज समजले, मीठ आणि लिंबाचं लोणचं घालून उभ्या उभ्या अर्धं पातेलं संपवलं. वर म्हणाले, "आज पेज जरा घट्ट झालीय, पण चांगली आहे." बरं तर बरं, कीड लागू नये म्हणून खळीत घालतो तो मोरचूद अजून घातला नव्हता. आपण दोघी स्वयंपाकघरात खाली बसलो आणि हसता हसता तुम्हाला उचकी लागली. त्यानंतर कित्येक वर्षं ते कधी रागावून गप्प बसले की तुम्ही म्हणायचात, "खळ बसलीय पोटात, ओठ चिकटलेत."

भेट म्हणून दिलेली पुस्तकं सापडली की तुम्ही थांबायचात. पहिल्या पानावर 'चि. सौ. कां. अमुकला शुभविवाहप्रीत्यर्थ' असं झोकदार अक्षरात लिहिलेलं, आणि आतली पानं एकमेकांना चिकटलेली, कोणी उघडलेलीसुद्धा नाहीत. तुम्ही ती पट्टीने अलगद सोडवायचात. "बघ वसुधा," म्हणायचात, "एवढं वाचलं असतं तर संसार बरा झाला असता यांचा." मी म्हणायची, "तुम्हाला काय माहीत वाईट झाला ते?" यावर एक वाद. पुस्तकं उंचीप्रमाणे लावायची की विषयाप्रमाणे, यावर दुसरा. तुम्ही उंचीवाल्या. तुमच्या पद्धतीने आपल्या कपाटात आरोग्यविषयक पुस्तकाशेजारी भुताच्या गोष्टी आल्या आहेत. तसंच राहू देणार आहे मी ते. पटलं म्हणून नाही. तुमची खोली रिकामी झाली, आता तिथे काय करणार, असं जो कोणी विचारेल त्याला ते कपाट दाखवायचं आहे म्हणून.

पण खरा वाद द्वारकेचा. तो हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तीन भागांची एक जुनी कादंबरी. लिहिणारा फारसा कोणाला ठाऊक नाही आणि फार ठाऊक असावा अशा योग्यतेचाही नाही. आपल्याला आधी पहिला भाग मिळाला. त्याच्या शेवटी द्वारका नावाची सून सासर सोडून निघते. तिची ट्रंक बैलगाडीत चढवायला दोन गडी लागतात. भाग समाप्त. मग बऱ्याच वर्षांनी रद्दीच्या दुकानात तिसरा भाग मिळाला. तो उघडतो तेव्हा द्वारका त्याच घरात, त्याच स्वयंपाकघरात नारळ खोवत बसली आहे, कमरेला किल्ल्या आहेत, आणि ट्रंक पलंगाखाली. मध्ये काय झालं? कशी आली ती परत? दुसरा भाग काही मिळेना. पुण्यातली सगळी दुकानं झाली, पदपथ झाले, बंद पडलेल्या वाचनालयांचे गठ्ठे झाले. शहाण्या माणसांनी नाद सोडला असता. आपण तिसरा भाग वाचला आणि दुसरा स्वतःच रचायला बसलो.

तुमचं म्हणणं एकच. "ती आपल्या पायांनी आली. कोणी आणायला गेलं नव्हतं."

माझं म्हणणं, "कोणीतरी गेलंच असणार."

"का म्हणून?"

"ट्रंक! जाताना दोन माणसं लागली उचलायला. येताना ती एकटी कशी आणेल?"

"रिकामी करून आणली असेल."

"मग रिकामी ट्रंक आणायचीच कशाला?"

"अगं, पितळी कड्या होत्या तिला. टाकून देईल का कोणी?"

गवार निवडताना हा वाद झाला आहे, दळण आणताना झाला आहे, दवाखान्याच्या बाकावर तुमच्या तपासणीची वाट बघताना झाला आहे. श्रीकांत म्हणायचे, "त्या द्वारकेला एकदा आपल्याकडे जेवायला बोलवा आणि विचारा." तुम्ही इतर बाबतींत माघार घ्यायचात. मीठ जास्त झालं हे मान्य करायचात, उंचीप्रमाणे लावलेल्या कपाटातली अडचणसुद्धा एकदा मान्य केलीत. द्वारकेवर मात्र तुम्ही तसूभर हलला नाहीत. एकदा तर आवाज चढवलात. "कोणी आणली नाही तिला. तिने ठरवलं, ती आली. एवढं तरी श्रेय दे त्या बाईला." मी तेव्हा चकित झाले होते. कागदावरच्या बाईसाठी इतकं?

तर ऐका आता. सुतकातच रविवार आला आणि सकाळी साळव्यांचा फोन आला. बुधवार पेठेतले आपले साळवी. त्यांना तुमची बातमी नव्हती. ते नेहमीच्या सवयीने घाईत बोलले, "ताईंना सांगा, दुसरा भाग आलाय. दुपारी कोणी वाचनालयवाले सगळा गठ्ठा न्यायला येतायत, त्याच्या आत या." आणि ठेवला फोन.

घरात माणसं होती. मालतीकाकू सकाळपासून ठाण मांडून होत्या. मी कापडी पिशवी घेतली आणि चपला घालायला लागले.

"कुठे निघालीस?" काकू म्हणाल्या.

"पुस्तकाच्या दुकानात."

"सुतकात? अगं, आज रविवार, माणसं येणार भेटायला..."

"काकू, दुकान आहे ते. देऊळ नाही."

श्रीकांतांनी मान वर करून पाहिलं. बोलले काहीच नाहीत. खळ.

शनिवार पेठेतून बुधवारात जायला असा वेळ तो किती लागतो? पण बाजीराव रस्त्यावर मी उभी राहिले ती राहिलेच. गाड्या थांबेनात. नेहमी तुम्ही माझं कोपर धरायचात आणि "थांब, थांब, आता चल" म्हणायचात, आणि मला त्याचा राग यायचा, मी काय लहान आहे का म्हणून. त्या दिवशी माझं कोपर कोणी धरलं नाही. एक स्कूटीवाली मुलगी ओरडली, "काकू, यायचं तर या ना!" मी गेले. रडत गेले असं समजू नका. संतापून गेले. माणूस मरतं म्हणजे काय करतं? रस्त्याच्या ऐन मध्यात सोडून देतं आणि वर त्याच्याशी भांडायची सोय ठेवत नाही.

साळव्यांच्या दुकानात दुसरा भाग समोरच होता. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारचं एक गांडूळखताचं पुस्तक उचललं आणि प्रेमाने चाळायला लागले. किती वेळ चाळलं कोण जाणे. मागून कोणी "ठेव ते" म्हटलं नाही. साळवी म्हणाले, "ताई नाही आल्या?" तेव्हा मी सांगितलं. ते बिचारे खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि मग उभं राहून काय करायचं ते न कळून पुन्हा बसले. म्हणाले, "वहिनी, हे असंच न्या. पैसे नकोत."

"फुकट?" मी म्हटलं. "ताईंना काय तोंड दाखवू मी? भाव सांगा."

त्यांनी सांगितला. मी जास्त आहे म्हटलं. त्यांनी उतरवला, मी नाहीच म्हटलं. दोघांचेही आवाज फुटत होते, पण घासाघीस केली मी. रीतसर केली. तुमच्या नावाला बट्टा लावला नाही.

परत आले तेव्हा बैठकीची खोली भरलेली. मी आत गेले नाही. श्रीकांतांच्या समोरच्या भिंतीला सतरंजीवर बसले, चष्मा लावला आणि दुसरा भाग उघडला.

"वसुधा," मालतीकाकू दबक्या आवाजात म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपतच दबक्या, "आज तरी नको. घरातलं माणूस गेलंय."

"माझं गेलंय, काकू," मी म्हटलं. "माझं माणूस गेलंय. आमचं एक काम अर्धं राहिलंय, ते करतेय. तुम्ही बसा."

मी पानं उलटत होते. ताई, तुम्हाला सांगते, फार रटाळ आहे हो दुसरा भाग. द्वारका मामाकडे जाते, तिथे नदीची वर्णनं, मामीचे टोमणे, पुन्हा नदी. आपण रचलेला यापेक्षा शंभर पटीने बरा होता. मी वर्णनं गाळत गाळत शेवटाजवळ गेले. आणि तिथे छापलेलं आहे. एका सकाळी द्वारका मामाच्या घरातून निघते आणि सासरच्या अंगणात येऊन उभी राहते. एकटी. तिला आणायला कोणीही गेलेलं नाही. आपल्या पायांनी आली. अगदी तुमचेच शब्द.

ट्रंकेबद्दल अवाक्षर नाही! मी पानं मागेपुढे केली. लेखक साफ विसरला आहे. तिसऱ्या भागात ती पलंगाखाली आपोआप उगवते.

"शक्यच नाही," मी मोठ्यांदा म्हटलं.

सगळे बघायला लागले. श्रीकांत म्हणाले, "काय शक्य नाही?"

"कोणी आणल्याशिवाय ती परत येणं शक्य नाही," मी म्हटलं, "कारण मी आले नसते."

आणि मग मी सांगितलं, ताई. तुम्ही आणि मी एकमेकींनासुद्धा कधी बोलून दाखवलं नाही ते भर बैठकीत, काकूंच्या आणि तुमच्या भावाच्या देखत सांगितलं. तुम्हाला आवडणार नाही हे ठाऊक असून सांगितलं.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. वाचता वाचता माझ्याकडून दूध उतू गेलं आणि सासूबाई माझ्या माहेरच्या सगळ्यांचा उद्धार करायला लागल्या. ते मी ऐकून घेतलं. पण श्रीकांत तिथेच पेपर वाचत बसले होते आणि त्यांनी पेपर खाली घेतला नाही. ते मला सहन झालं नाही. सासूबाई देवळात गेल्यावर मी बॅग भरली, तुम्हाला स्वयंपाकघराच्या दारातून "रेशनला जाते" असं सांगितलं आणि स्वारगेट गाठलं. माहेरच्या, म्हणजे साताऱ्याच्या गाडीच्या फलाटावर बसले. परत यायचं नाही, हे माझं पक्कं होतं. मला परतीचा रस्ता आठवतसुद्धा नव्हता इतकं पक्कं.

थोड्या वेळाने कोणीतरी शेजारी येऊन बसलं. तुम्ही होतात. घरातल्याच साडीत, केस न विंचरता. रेशनकार्ड खुंटीला तसंच लटकत होतं, ते तुम्ही बघितलं होतं. तुम्ही 'कुठे चाललीस' विचारलं नाहीत. 'चल घरी' म्हटलं नाहीत. भावाची बाजू घेतली नाहीत, आईचीही नाही. घाम पुसलात आणि म्हणालात, "गाडीला अवकाश आहे वाटतं. बाहेर एक जण जुनी पुस्तकं घेऊन बसतो. प्रवासाला काहीतरी लागेल की वाचायला. चल, बघू." मला वाटलं, पुस्तक घ्यायला काय हरकत आहे? आपण उकिडव्या बसून त्याच्या चटईवरची पुस्तकं चाळायला लागलो. चाळता चाळता गाडी निघून गेली. दुसरीही गेली. तुम्ही मान वर केली नाहीत. मग तुम्ही एक जाडजूड पुस्तक माझ्या हातात दिलंत, माझी बॅग स्वतः उचललीत आणि चालायला लागलात. घरच्या दिशेने. मी मागोमाग आले.

घरी सासूबाई दारातच होत्या. तुम्ही म्हणालात, "मी आणि वसुधा पुस्तकं बघायला गेलो होतो." बॅग बघून त्यांनी विचारलं तर म्हणालात, "मग पुस्तकं कशात आणायची?" सगळी बोलणी तुम्ही खाल्लीत. आणि ते खोटं खरं दिसावं म्हणून पुढच्या रविवारी आपल्याला पुन्हा जावं लागलं. त्याच्या पुढच्याही रविवारी. सासूबाईंना संशय येऊ नये म्हणून आपण निष्ठेने जात राहिलो. सासूबाई गेल्या, त्यालाही किती काळ लोटला. आपण जातच राहिलो. नाद म्हणे! पिशवी धरायला म्हणे!

सांगून झालं तेव्हा श्रीकांत माझ्याकडे बघत होते. "म्हणजे तू त्या दिवशी निघून जाणार होतीस?"

"गेले होते."

"मला वाटलं तुम्ही दोघी..." त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला. "ताई मला कधी बोलली नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात बेल वाजली. त्यांच्या जुन्या कचेरीतले एक गृहस्थ आले होते. रिवाजाप्रमाणे ते सरळ श्रीकांतांकडे गेले आणि हात पुढे केला. श्रीकांत खुर्चीतून उठले. त्यांचा हात धरला, पण त्यांना माझ्याकडे वळवलं. म्हणाले, "आधी हिला भेटा. हिचं माणूस गेलंय. मी नुसता भाऊ."

तेव्हा मी रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, चारचौघांत, मोठ्याने, नाक वाहीपर्यंत रडले. मालतीकाकूंनी मला जवळ घेतलं आणि या वेळी कानाशी काही म्हणाल्या नाहीत. त्यांचंही कौतुक करायला हवं.

आता तुमच्याशी उरलेलं. पुस्तकाने निकाल तुमच्या बाजूने दिला आहे, हे तुम्हाला कळवणं माझं कर्तव्य होतं. कळवलं. तो मला मान्य नाही, हेही कळवते. त्या माणसाला साधी ट्रंक लक्षात ठेवता आली नाही, त्याला बायका घरी परत कशा येतात ते काय कळणार? छापलं म्हणून खरं होत नसतं.

आणि तुम्ही इतकी वर्षं द्वारकेसाठी का भांडलात तेही मला कळलं आहे. मला कोणीतरी परत आणलं, मी हरून आले, असं माझ्या मनात कधी राहू नये, म्हणून. परत येण्याचं श्रेय माझं मलाच मिळावं, म्हणून. फार मोठ्या मनाच्या होतात. पण ते श्रेय मला नको आहे, ताई. नकोच आहे. मी आपल्या पायांनी आले नाही. तुम्ही आलात म्हणून मी आले, आणि नंतर राहिले तीही बहुतेक तुमच्यासाठीच. आभार मानले असते तर तुम्ही "कशाबद्दल?" म्हणून भाजी चिरायला घेतली असतीत. म्हणून कधी मानले नाहीत. तुम्हाला स्वारगेटला कोणी पाठवलं होतं का, की तुमच्या तुम्ही धावत आलात, हेही कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता लोक म्हणतील. म्हणू देत. मला उत्तर माहीत आहे.

वाद मी सोडणार नाही. काल गवार निवडायला बसले आणि सुरू केला. माझी बाजू मांडली. मग समोरून कोणी बोलेना, तेव्हा तुमची बाजूही मलाच मांडावी लागली. ती मी मुद्दाम वाईट मांडते आहे. अगदी भोंगळ, मुद्देच नसलेली. ट्रंकेवर तर तुमच्या वतीने मी सरळ गप्प बसते, जणू तुम्हाला काही सुचतच नाही. तुम्हाला हे ऐकवणार नाही, चांगलं माहीत आहे मला.

बोला की मग.